आगीच्या बुरुजाला पाणी

माझा जन्म राजापूरकडचा. गाव सड्याच्या पोटाला धरून वसलेलं, आणि सडा म्हंजे काय ते तुमाला सांगायलाच हवं ताई, जांभ्या दगडाचं उघडं पठार, श्रावणात असं हिरवं की डोळे निवावेत आणि शिमग्याच्या सुमारास असं वाळून पिवळं पडलेलं की नुसतं रोखून बघितलं तरी पेट घेईल. तिथं वणवा लागायचा, दर साली लागायचा. माझा बापूस काजूची राखण करायचा, ऐनाच्या झाडावर तेचा माळा बांधलेला व्हता, आणि मी भाकरी घेऊन गेले की मला वर ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, डोळे मीट, नाकानं बघ. वाळल्या गवताचा धूर गोडसर येतो, ओल्या पाल्याचा कडू, आणि कुणाच्या चुलीचा असला तर तेच्यात भाताच्या पेजेचा वास असतो, तेला भ्यायचं न्हाई. गोड वास आला की बापूस आरोळी ठोकायचा, आणि खालून सगळा गाव झाडांचे हिरवे टाळे, पाल्याच्या फांद्या, तोडून धावायचा, कारण सड्यावर पाणी कुठलं, आग झोडपूनच मारायची. काय सांगू तुमाला, आमी पोरं रातची निवांत निजायचो ती वर कुणी जागं हाय म्हणून, एवढंच आमाला ठाऊक.

लग्न झालं ते गवंड्याशी. महादेव तेंचं नाव, पण मी नाव घेत न्हाई, आज तुमी लिहिताय म्हणून घेतलं. मी सासरी आले तेव्हा घराची नवी भिंत नुकती उभी राहिली व्हती, चिऱ्याची, वर गिलावा ओला, आणि सासू मला उंबऱ्यावरच म्हणाली, आधी भिंतीला पाज, मंग तू जेव. आमच्याकडं रीतच ती. नव्या भिंतीला सांज-सकाळ पाणी मारायचं, गोणपाट भिजवून अंगावर घालायचं, तहानलेली भिंत तडकते असं म्हणतात. मी हिरव्या बांगड्यांच्या हातांनी पाणी मारलं आणि ती भिंत ते चुर्र चुर्र आवाज करत प्याली, तान्हं पोर पितं तशी, आणि भिजल्या मातीचा तो वास, तेवढा एकच वास त्या घरात मला माहेरचा वाटला. हे मागं उभे राहून बघत व्हते. म्हणाले, वरच्या अंगाला पण मार, ती तिकडून उपाशी हाय. संसारातलं तेंचं पहिलं बोलणं ते.

मंग ते बहारीनला आले, आणि रोहन, आमचा मुलगा, सासूच्या हाताशी लागल्यावर मीही आले, माझ्या स्वतःच्या व्हिसावर. इथं हूरा म्हणून भाग हाय, तिथल्या एका हॉटेलच्या लाँड्रीत हाय मी. तिथंच मागच्या गल्लीत एका फ्लॅटमधली एक खोली आमची, बाकी दोन खोल्यांत चिपळूणकडची ड्रायव्हर मंडळी. दिवसभर वाफ, चादरी, तापल्या सुताचा वास, आणि चादर जळायच्या आधीचा तो एक तांबूस वास असतो, तो आला की मी इस्त्री उचलते, बापसानं दिलेलं नाक अजून काम करतं असं म्हणा. ह्यांनी इथं किती इमारती उभ्या केल्या तेची मोजदाद न्हाई. पण ताई, इथं इमारतींना म्हातारपण येऊच देत न्हाईत. हे मला दाखवायला न्यायचे, हा जिना मी केला, ही गच्ची माझी, आणि पुढच्या खेपेला जावं तर तिथं पत्र्याचं कुंपण आणि आत मोठा खड्डा. पुढं दगड फोडायचं मशीन चालवून चालवून तेंचे हात थरथरायला लागले, कपातला चहा बशीत सांडायला लागला, तेव्हा कंपनीनं तेंना स्टोअरमध्ये बसवलं आणि सांगितलं, हा थंडीचा मोसम संपला की व्हिसा पुढं न्हाई. हे एकदा पाठ करून झोपलेले असताना म्हणाले, जाताना मागं वळून बघावं असं इथं माझं काही उभं न्हाई.

तुमी बुरुजाचं विचारताय, तर तो आमाला असा सापडला. शुक्रवारी आमी सीफच्या मॉलात गारव्याला जातो, विकत घ्यायचं काही नसतं, नुसतं चालायचं. त्या शुक्रवारी हे म्हणाले, इथं सगळ्याला प्लास्टिकचा वास येतो, चल बाहेर. मागं सनाबिसच्या गल्ल्यांत शिरलो, आणि घरांच्या मधोमध एक गोल, बुटका, पांढुरका बुरूज, पांढऱ्या कपड्यातला म्हातारा बसावा तसा बसलेला. भोवती बांबूची परांची आणि चार-पाच माणसं भिंत खरवडत व्हती. समुद्रातला दगड तो, प्रवाळाचा, भोकाभोकांचा, हात लावला तर पावासारखा हलका वाटतो, नाक नेलं तर अजून खाऱ्या पाण्याचा वास. तेच्यावर इथल्या जिप्समचा गिलावा, तेला हे लोक ‘जस’ म्हणतात. एक जण गिलावा लावत व्हता तो थापी अशी धरून, जशी भाकरीवर लोणी फासतात. ह्यांना राहवलं न्हाई. बघता बघता पुढं झाले आणि तेच्या हातातून थापी काढून घेतली, आणि ताई, देवाशपथ सांगते, थापी हातात आल्यावर तेंची थरथर थांबली. मी डोळ्यांनी बघितलं. चहाला थांबत न्हाई ती थापीला थांबली.

ती माणसं बिनपगारी, शुक्रवारची. मुख्य अबू जाफर, निवृत्त मास्तर, जन्म ह्याच गल्लीतला, आता हमद टाउनला सरकारी घरात राहतात आणि दर शुक्रवारी गाडीतून थर्मास, खजूर आणि जाड पावाची चळत घेऊन येतात. हिंदी बोलतात ती दुकानदारांकडून शिकलेली, सगळं बोलणं बायकी, मैं आती, मैं जाती, आणि हे तेंना तसंच उत्तर द्यायचे, बाबा, तुम बैठती, मैं करती, आणि दोघं हसायचे. इथं मोठ्या माणसाला मुलाच्या नावानं हाक मारतात, म्हणून हे झाले अबू रोहन आणि मी उम्म रोहन. अबू जाफरांची मुलगी झैनब जुन्या इमारतींची इंजिनियर, काम तिच्या देखरेखीखाली. पोर गोड, पण शिस्तीची. ह्यांना अंकल म्हणायची आणि अंकलचं एक ऐकायची न्हाई.

तो बुरूज कसला, ते अबू जाफरांनी मला सांगितलं. पूर्वी इथं घरं खजुराच्या झावळ्यांची, भिंती झावळ्यांच्या, छप्परही झावळ्यांचं, एकाला एक लागून, आणि उन्हाळ्यात शमालचा वारा सुटला की एका चुलीची ठिणगी सगळी वस्ती खायची. म्हणून हा बुरूज, आणि वर एक माणूस, जवळ टांगलेलं लोखंड बडवायला. अबू जाफरांचे आजोबा तो माणूस. एकदा तेंनी वरून धूर बघितला तो तेंच्या स्वतःच्याच घरातून निघालेला. वारा दुसऱ्यांच्या घरांकडं व्हता. ते खाली उतरले न्हाईत, लोखंड बडवत राहिले, कुठल्या अंगाला धावायचं ते ओरडून सांगत राहिले, आणि तेंचं घर, आतल्या अंथरुणापांघरुणासकट, तेंच्या डोळ्यांदेखत गेलं. माणसं वाचली. अबू जाफर म्हणाले, आजोबांनी पुन्हा कधी तेची गोष्ट काढली न्हाई, आमी विचारलं तर म्हणायचे, वारा तिकडं व्हता. मी ऐकत व्हते आणि मला माझा बापूस दिसत व्हता, ऐनाच्या माळ्यावरचा. ह्या परक्या मुलखात माझ्या ओळखीचं एवढं काही मला कधी भेटलं नव्हतं.

गल्लीत नवा रस्ता यायचा व्हता आणि नगरपालिकेच्या कचेरीचं म्हणणं, बुरूज पडका हाय, पाडा. ह्या मंडळींनी मुदत मागून घेतली व्हती. हिवाळ्याच्या तोंडाला साहेब येऊन बघणार, भिंत धड असली तर बुरूज राहील, नसली तर खलास. हे सगळं ह्यांना ठाऊक व्हतं. वरच्या कठड्यापासून पायापर्यंतची रस्त्याकडची बाजू झैनबनं ह्यांच्या हाती दिली, तेव्हा फ्लॅटमधली ड्रायव्हर मंडळी चिडवायची, काय महादेवशेठ, शुक्रवारचा ओव्हरटाइम काय देतात, खजूर की दोन खजूर? हे म्हणायचे, तुमी आयुष्यभर रस्ता झिजवा, मी आपला एक बुरूज ठेवून जातो. तेंच्या बोलण्यात असा ताठा मी कैक वर्षांनी ऐकला.

गिलावा संपला त्या दिवशी झैनब म्हणाली, अंकल, आता हिला काही करायचं न्हाई, पाणी मफी, म्हंजे अजिबात न्हाई, एक थेंबसुद्धा मफी, नुसती वाऱ्यावर सुकू दे. हे हो म्हणाले. घरी येताना बसमध्ये मला म्हणाले, बघितलंस, ह्या लोकांना पाण्याची किती चणचण, भिंतीला पाजायला पण जीव होत न्हाई, समुद्राचं पाणी गोडं करून पितात बिचारे. मी म्हटलं, ती शिकलेली हाय, तिला कळत असेल. म्हणाले, शिकलेली हाय, पण बाळंतीण न्हाई झालेली. पोराला तहान लागते ते पुस्तकात नसतं.

मंग ते संध्याकाळचे फिरायला जायला लागले, डॉक्टरनं सांगितलंय म्हणाले. स्टोअर सुटलं की बस पकडून जायचे, दिवेलागण झाल्यावर यायचे. मी लाँड्रीवाली, मला काय लपणार? पँटीच्या पायाला ओला पांढरा चिकटा, बाहीला तागाचे तंतू, आणि कपड्यांना तो वास, खारा, गार, मुलतानी मातीसारखा. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरवाल्याकडून, वाण्याच्या दुकानाला इथं तसं म्हणतात, बासमतीच्या तागाच्या पिशव्या मागून घ्यायचे, भिजवायचे, भिंतीवर टांगायचे, जिन्यानं वर जाऊन कठड्यावरून पाणी सोडायचे, आणि निघताना पिशव्या काढून घ्यायचे. मी काही बोलले न्हाई. बोलू कशाला? मलाही ते बरोबरच वाटलं. कोकणातल्या कुठल्याही बाईला विचारा, नव्या भिंतीला पाणी घालणारा नवरा गुणी म्हणेल की न्हाई? आणि तेंचा चेहरा त्या दिवसांत असा झाला व्हता, घरी नातू आल्यासारखा.

पण ताई, ही भूमी आपली न्हाई, आणि हा गिलावा आपला न्हाई, तेला पाणी सोसत न्हाई. पुढच्या एका शुक्रवारी आमी गेलो तर भिंतीला कापसासारखं काहीतरी फुललेलं, पांढरं, मऊ, बोटानं पुसलं तर जिभेला मीठ. त्याच्या पुढल्या शुक्रवारी गिलावा फुगलेला, पोळीला पदर सुटावा तसा, आणि टिचकी मारली की आतून पोकळ आवाज. पायाशी तर माणसाच्या कमरेइतकी भिंत उघडी पडली व्हती आणि खाली ढिगारा, आणि दगड ओला, गार, पावसाळ्यातल्या विहिरीच्या काठासारखा. हवा दमट व्हती, सगळ्यांनी आधी हवेला बोल लावला. ह्यांनी तो ढिगारा उचलून हातात चुरला. मला वाटलं, आता सांगतील. त्या संध्याकाळपासून तेंचं फिरायला जाणं थांबलं.

झैनबच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं मला समजावलं ते असं, की पूर्वी समुद्र इथवर व्हता, नंतर भराव घालून मागं ढकलला, आणि ही ओल जर जमिनीतून वर चढत असेल तर पायाच खारावलेला, मंग वर कितीही गिलावा लावा, बुरूज मेलेलाच. ती रडत नव्हती, पण भिंतीवरून असा हात फिरवत व्हती, जसा आयसीयूतल्या माणसावरून फिरवतात.

साहेब आला तो सकाळचा, शुक्रवारीच, सुट्टीचा दिवस मोडून आला व्हता, वाईट माणूस नव्हता. किल्लीनं दगड टोकरला, ओला चुरा बोटावर घेतला, पायाशी बसून बघितलं. शेजारच्या घरातली पोरं बुरुजाला टेकून चेंडू खेळत व्हती. तो अबू जाफरांना अरबीत काय म्हणाला ते झैनबनं आमाला हिंदीत सांगितलं, की ओल खालून येतेय, उद्या हा ह्या पोरांवर कोसळला तर मी काय उत्तर देऊ, मी राहू दे असं लिहू शकत न्हाई. अबू जाफर थर्मासचं झाकण लावत व्हते, ते तेंना लागेचना, आटे चुकत व्हते. एकदाही बुरुजाकडं बघितलं न्हाई तेंनी. साहेब म्हणाला, यल्ला, आणि गाडीकडं निघाला.

मी ह्यांच्याकडं बघितलं. थापी हातात व्हती आणि हात थरथरत व्हता. मी वाट बघितली. ताई, किती वेळ ते विचारू नका, मला तो वेळ अजून संपलेला वाटत न्हाई. शेजारच्या एसीचं पाणी टपकत व्हतं तेवढं ऐकू येत व्हतं. एकीकडं माझा नवरा, तेंची सगळी पत त्या एका भिंतीत, आणि एकीकडं ती भिंतच. साहेबानं गाडीचं दार उघडलं आणि मी बोलले. म्हटलं, पाणी खालून आलेलं न्हाई. वरून आलंय. ह्यांनी घातलंय, रोज.

झैनब गर्रकन वळली. कुठून घातलं, किती दिवस, पिशव्या कुठं टांगायचे, भराभर विचारायला लागली, आणि मी सांगत गेले तसा तिचा चेहरा उजळत गेला, कारण वरून घातलेलं पाणी त्या भोकाच्या दगडातून पोटापोटानं उतरून पायाशी बाहेर येतं, म्हंजे जमीन कोरडी, म्हंजे पाया शाबूत. ती चक्क हसली, साहेबाकडं धावली. मंग अर्ध्यातच तिची नजर ह्यांच्यावर गेली आणि हसू तिथंच थांबलं. अबू जाफर हळूहळू चालत ह्यांच्यासमोर आले. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, अबू रोहन, क्यों?

ह्यांनी खाली बघत मराठीत उत्तर दिलं, हिंदी आठवलीच न्हाई तेंना. म्हणाले, तहानली असेल म्हणून. मी ते हिंदीत करून सांगितलं. अबू जाफरांनी तेंच्या थरथरत्या हातातून थापी घेतली, पुसली, आणि परत तेंच्याच हातात दिली. कुणी एक शब्द वावगा बोललं न्हाई. चहा दिला, खजूर दिले. ते गोड बोलणंच ह्यांना सहन झालं न्हाई, कप तसाच ठेवून रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

बसमध्ये माझ्या शेजारी बसले न्हाईत. खोलीत आल्यावर कपडे बदलले, भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाले, मी सांगणारच व्हतो. तू थांबली न्हाईस.

बस, एवढंच. त्याला दोन महिने होत आले असतील, अजून मी ते वाक्य उलटंपालटं करते. खरंच सांगणार व्हते? गाडीचं दार उघडलं व्हतं ताई, साहेबाचा एक पाय आत व्हता. पण असंही असेल की पुढच्या श्वासाला ते बोलले असते, आणि मी तो श्वास तेंच्या तोंडातून काढून घेतला. मला कधी कळायचं न्हाई. तेंनाही कळतं की न्हाई कुणास ठाऊक. भांडले असते तर भांडण संपलं असतं. हे तसं जेवतात, मी ताट वाढते, रोहनचा फोन आला की दोघं हसून बोलतो, आणि फोन ठेवला की खोलीत शेजारच्यांचा टीव्ही तेवढा ऐकू येतो.

साहेबानं हा हिवाळा दिलाय. सगळा गिलावा उतरवून भिंत उघडी ठेवायची, सुकली तर बुरूज राहील, ओल तशीच राहिली तर मात्र झैनबचं काही चालायचं न्हाई. हे परत गेले न्हाईत. मी जाते दर शुक्रवारी. मऊ ब्रशनं मीठ झाडते, झाडलं की दुसऱ्या खेपेला परत फुललेलं असतं, पण थोडं कमी, असं मला वाटतं, झैनबलाही वाटतं, आमी दोघी एकमेकींना तसंच सांगतो. अबू जाफर दर वेळी विचारतात, अबू रोहन कैसी है, आणि मी म्हणते, अच्छी है.

हिवाळा संपला की आमी चाललो. हे तर जाणारच, मीही कामाचा राजीनामा देऊन टाकलाय, माणसाला असं एकटं गावी कसं पाठवायचं. भिंतीचं काय ठरलं ते आमी इथं असताना कळेल की न्हाई, सांगता येत न्हाई.

परवाच्या शुक्रवारी मी आले तेव्हा हे तांदूळ निवडत बसले व्हते. मान वर केली न्हाई. विचारलं, भिंतीच्या पायाशी हाताचा तळवा लावून बघितलास? मी म्हटलं, बघितला. गुडघ्यापर्यंत अजून गार लागते, वर ऊन धरायला लागलीय. हे हं म्हणाले आणि एक खडा काढून बाजूला ठेवला. मंग कितीतरी वेळ दाणे वेचत राहिले, आणि मी उभीच, चपला पायात तशाच, की आणखी काही विचारतील.

विचारलं न्हाई. नसू दे. मी वरच्याला सांगून ठेवलंय, माझ्याशी जन्मभर असेच हं म्हणत राहिले तरी मी तुझ्याकडं गाऱ्हाणं आणणार न्हाई, फक्त ती भिंत सुकू दे. आमी इथं नसलो तरी चालेल. त्या गल्लीतली पोरं सुखाची निजू देत.